प्रवाशानें न पाहिलेला मुलूख

सतराव्या शतकांतील हिंदुस्थानच्या स्थितीविषयीं लिहावयास बसलें म्हणजे आमचे लेखक बहुधा एका ठरलेल्या क्रमानें साक्षीदार उभे करितात. प्रथम बर्नियर, मग टॅव्हर्नियर, त्यामागून थेव्हेनो, फ्रायर आणि मनुची. प्रत्येकाच्या ग्रंथांतून चार ओळी उचलावयाच्या आणि सर्व परकीय प्रवाशांची याविषयीं एकवाक्यता आहे असा शेरा मारून प्रकरण मिटवावयाचें, अशी ही रीत पडून गेली आहे. बखरकाराला आम्ही सहसा इतक्या स्वस्तांत सोडीत नाहीं. तो कोणाच्या आश्रयाचा, प्रसंगानंतर किती वर्षांनीं लिहितो, त्याच्यापुढें कागद होते कीं नुसती ऐकीव कथा, हें सारें विचारल्यावांचून त्याचा शब्द आम्ही घेत नाहीं, आणि तेंच योग्य आहे. परंतु परदेशस्थ प्रवाशाला, तो परदेशस्थ आहे एवढ्याच कारणास्तव, निःपक्षपाती मानण्याची आम्हांस खोड लागली आहे. त्याला एक प्रश्न तरी विचारलाच पाहिजे, आणि तो सर्वांच्या आधीं: हा गृहस्थ या अफाट देशांत गेला कोठें, आणि तेथेंच कां गेला?

काबूलपासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेला, भाषा, पीकपाणी, राज्यव्यवस्था आणि जमिनीचा धारा हीं प्रत्येक पांचपन्नास कोसांवर पालटणारा हा देश. तो सगळा पाहणें एका माणसाच्या आयुष्यांत होणें नाहीं. तेव्हां जो येतो त्याला निवड करावीच लागते. ती निवड त्यानें विचारपूर्वक केलेली असो अथवा वारा, पाऊस, धंदा आणि धनी यांनीं त्याच्यासाठीं केलेली असो, त्याच्या ग्रंथांतील प्रत्येक सर्वसामान्य विधान त्या निवडीच्या कुंपणाच्या आंतलें असतें. ग्रंथ वाचतांना आम्ही तें कुंपण विसरतों, आणि ज्या मुलखावर तो कधीं फिरकलाच नाहीं त्या मुलखाचें वर्णन म्हणून त्याचें विधान घेतों. या प्रमादाची किंमत मराठ्यांच्या इतिहासाला विशेष भारी पडली आहे असें आमचें मत आहे, व तें कां, हेंच येथें दाखवावयाचें आहे.

आरंभ टॅव्हर्नियरपासून करणें सोयीचें. कारण प्रवासाचीं साधनें व खर्च यांचा हिशेब त्याच्याइतका चोख दुसऱ्या कोणीं ठेवलेला नाहीं. हा पॅरिसचा जवाहिरी १६३१ पासून १६६८ पर्यंत सहा वेळां पूर्वेकडे आला. त्याचा ग्रंथ १६७६ त छापला गेला. तो सांगतो कीं गाडीच्या चांगल्या बैलांची जोडी घ्यावयाची तर जवळजवळ ६०० रुपये पडतात. पालखीच्या भोयांस माणशीं महिना ४ रुपये, आणि प्रवास साठ दिवसांहून अधिक लांबला तर ५. वाटेंत वंजाऱ्यांचा तांडा आडवा आला, आणि तो दहाबारा हजार बैलांचा असला, तर अरुंद रस्त्यांत दोनतीन दिवस वाट पाहत बसावें लागतें. गोवळकोंड्यापासून कन्याकुमारीपर्यंतच्या टापूंत चाकाच्या गाड्याच चालत नाहींत; तेथें बैल व तट्टें यांच्या पाठीवर सर्व व्यवहार. या तपशिलाकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं, परंतु आमच्या मतें या ग्रंथाची किल्ली याच पानांत आहे. मौल्यवान माल बरोबर असलेला मनुष्य जेथें गाडी चालते, सराई असते, हुंडी वटते आणि तांड्याची सोबत मिळते त्या वाटेनेंच जाणार. सुरतेहून आग्ऱ्यास त्याला दोन वाटा ठाऊक: एक बऱ्हाणपूर व सिरोंज यांवरून, दुसरी अहमदाबादेवरून. सुरतेहून गोवळकोंड्यास जाणारी वाट नवापुरावरून खानदेशांत शिरते व दौलताबाद-औरंगाबादेवरून पुढें जाते. नकाशावर या रेघा ओढून पाहाव्या. सह्याद्रीचा घाटमाथा, बारा मावळें, पुणें, सातारा, वाई, कऱ्हाड, हा सारा प्रदेश त्या रेघांच्या बाहेर राहतो.

या वाटेवर टॅव्हर्नियरला काय दिसलें? नवापुरास त्याला तांदूळ दिसला. तेथील बारीक तांदूळ शिजला म्हणजे बर्फासारखा पांढरा होतो व त्याला कस्तुरीचा वास येतो, असें तो मोठ्या गोडीनें लिहितो. ही नोंद आम्हांस फार प्रिय आहे. पण तो तांदूळ कोण पिकवितो, कोणत्या हक्कानें पिकवितो, सारा किती देतो, याविषयीं अक्षर नाहीं. पुढें मुक्कामांचीं नांवें व कोस. मुक्काम आणि कोस. खानदेश आणि मराठवाडा हे त्याच्या ग्रंथांत एका व्यापाऱ्याच्या टिपणवहींतील अंतरें होऊन बसले आहेत. तोच टॅव्हर्नियर रावलकोंडा अथवा कृष्णाकांठचें कोल्लूर येथील हिऱ्यांच्या खाणींशीं पोंचला म्हणजे त्याची लेखणी एकदम जागी होते. माती कशी खणतात, ती कशी धुतात, मजूर हिरा कसा लपवितो, वजनें कोणतीं, सौदा कपड्याखालीं हात घालून मुकाट्यानें कसा होतो, हें सर्व तो असें सांगतो कीं वाचणारा तेथें जाऊन उभा राहतो. कोल्लुरास बायकापोरें धरून ६०,००० माणसें कामावर असल्याचा त्याचा अदमास आहे. आंकडा थोडा इकडेतिकडे असेल. परंतु व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञानें १८८९ त इंग्रजी भाषांतर सिद्ध केलें तेव्हां त्याच्या मुक्कामांच्या यादीवरून जुन्या खाणींचीं स्थळें शोधतां आलीं, ही गोष्ट लहान नाहीं. म्हणजे जेथें जाण्यासाठीं तो आला तेथें त्याची साक्ष पक्की. जेथून तो नुसता गेला तेथें ती साक्षच नव्हे.

थेव्हेनोची गोष्ट निराळी आहे, आणि आमच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद. हा तरुण फ्रेंच गृहस्थ कोणाचा नोकर नव्हता, व्यापारी नव्हता, पाद्री नव्हता. देश पाहावा म्हणून आला होता. १६६६ च्या जानेवारींत तो सुरतेस उतरला. अहमदाबाद व खंबायत पाहून, पुढें औरंगाबादेवरून गोवळकोंडा व मच्छलीपट्टण येथवर जाऊन, १६६७ च्या आरंभीं तो सुरतेस परतला व त्याच वर्षीं स्वदेशीं जातांना इराणांत वारला. तेव्हां त्याचें वय अवघें ३४ होतें. त्याच्या प्रवासाचा हिंदुस्थानविषयक भाग १६८४ त, मरणोत्तर, छापला गेला. त्यांत आग्रा, दिल्ली, लाहोर, काश्मीर या सर्व सुभ्यांवर स्वतंत्र प्रकरणें आहेत. वाचकाला वाटतें, हा सारा देश फिरला. वस्तुतः तो दिल्लीस गेला नाहीं, आग्ऱ्यास गेला नाहीं, काश्मिराची तर गोष्टच नको. तीं प्रकरणें इतरांच्या तोंडून व इतरांच्या लेखांतून जमविलेलीं आहेत. त्यानें हें कपटानें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. देशाचें वर्णन म्हणजे सर्व सुभ्यांचें वर्णन, एखादा सुभा सुटला तर ग्रंथ अपुरा, अशी त्या काळची समजूत होती, आणि ती पुरी करण्याची हौस त्याला होती. परंतु परिणाम काय झाला? दिल्लीविषयीं बर्नियर व थेव्हेनो या दोघांची एकवाक्यता आहे असें जेव्हां आमचा एखादा लेखक लिहितो, तेव्हां तो एक पाहिलेली साक्ष आणि एक ऐकलेली साक्ष यांची बेरीज करून दोन म्हणतो. सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९४९ त थेव्हेनो व कारेरी यांच्या हिंदी प्रवासांची सटीप आवृत्ति काढल्यानंतर तरी ही बेरीज थांबावयास हवी होती.

याच थेव्हेनोनें एक निवड मात्र स्वतःच्या बुद्धीनें केली, आणि तिजबद्दल महाराष्ट्रानें त्याचें ऋण मानावें. सुरतेंत असतां वेरूळच्या लेण्यांची कीर्ति त्याच्या कानावर आली. गोवळकोंड्याच्या वाटेवर दौलताबादेच्या आसपास आल्यावर तो राजमार्ग सोडून मुद्दाम तिकडे वळला. युरोपीय मनुष्यानें लिहिलेलें वेरूळचें पहिलें विस्तृत वर्णन तें त्याचेंच. डोंगर कोरून काढलेलीं तीं मंदिरें, खांब, मूर्ति पाहून तो थक्क झाला. हें काम कोणीं केलें म्हणून विचारतां तेथील लोकांनीं सांगितलें कीं राक्षसांनीं. केव्हां, तें कोणास ठाऊक नाहीं. राष्ट्रकूट कृष्णराजाचें नांव त्या डोंगरावरून इतकें पुसून गेलें होतें. लोकांनीं सांगितलें तें त्यानें तसेंच टिपून ठेवलें, स्वतःचें पांडित्य त्यांत मिसळलें नाहीं, म्हणून आज तें वाक्य सतराव्या शतकांतील लोकस्मृतीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतें. त्याच वाटेनें टॅव्हर्नियरही गेला होता. त्याच्या ग्रंथांत वेरूळ नाहीं. त्या लेण्यांत विकत घेण्याजोगें कांहीं नव्हतें.

आतां बर्नियर. या सर्वांत तोच मोठा, विद्वान, आणि म्हणूनच तोच सर्वांत धोक्याचा. गासांदीचा हा शिष्य, वैद्यकीचा पदवीधर, शहाजहानच्या पुत्रांचें यादवी युद्ध चालू असतां सुरतेस उतरला. दारा शुकोह पळत असतां वाटेंत त्याची गांठ पडली. पुढें दिल्लीस दानिशमंदखान या विद्याव्यासंगी अमीराच्या पदरीं तो राहिला. या धन्यानें त्याच्यासाठीं देश निवडला. १६६४ च्या डिसेंबरांत औरंगजेब काश्मिरास निघाला तेव्हां दानिशमंदखान निघाला आणि त्याच्याबरोबर बर्नियर. लाहोरापासून भिंबरापर्यंतचा असह्य उन्हाळा, बादशाही छावणीचा पसारा, काश्मिराचे झरे व बागा, हीं त्याचीं पत्रें वाङ्मय म्हणून अजोड आहेत. १६६५ च्या नोव्हेंबरांत तो टॅव्हर्नियरच्या सोबतीनें आग्ऱ्याहून बंगालकडे निघाला; राजमहालाशीं दोघांच्या वाटा फुटल्या. नंतर मच्छलीपट्टण व गोवळकोंडें. म्हणजे त्यानें थोडें पाहिलें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. परंतु दिल्ली, आग्रा, लाहोर आणि काश्मीर या मार्गावर तो जें पाहत होता तें बहुतेक छावणींतून व दरबारांतून. महाराष्ट्राच्या गांवगाड्याचें वर्णन त्याच्या ग्रंथांत नाहीं.

असें असतां फ्रान्सचा मंत्री कोल्बेर यास लिहिलेल्या पत्रांत त्यानें समग्र हिंदुस्थानविषयीं एक सिद्धांत मांडला. या देशांत जमीन सगळी बादशहाची. प्रजेपाशीं खासगी मालकी म्हणून नाहीं. जहागीरदार आज आहे, उद्यां बदलेल, म्हणून तो रयतेस पिळून काढतो, रयत पळते, जमीन ओस पडते, आणि म्हणून, असा त्याचा कोल्बेरला इशारा, आपल्या राजानें असा मोह कधीं धरूं नये. शेवटच्या वाक्यावरून दिसेल कीं पत्राचा डोळा दिल्लीवर जितका आहे तितकाच पॅरिसवर आहे. फ्रान्सांतील वादासाठीं बर्नियरला एक भयंकर उदाहरण पाहिजे होतें, तें त्यानें जहागिरीच्या मुलखांतून उचललें.

या पत्राचा प्रवास बर्नियरच्या प्रवासाहून लांबचा झाला. माँतेस्क्यूनें त्याचा आधार घेतला. १८५३ च्या जूनमध्यें मार्क्सनें एंगल्सला लिहिलें कीं पौर्वात्य देशांतील सर्व गोष्टींचें मूळ जमिनीच्या खासगी मालकीच्या अभावांत आहे हें बर्नियरनें बरोबर हेरलें. तेथून तो सिद्धांत आमच्याकडे उलट पावलीं आला, आणि आतां महाराष्ट्रांत शिकणारा विद्यार्थी स्वतःच्या पणजोबाच्या मिरासपत्राचा कागद घरांत असतां परीक्षेंत लिहितो कीं पूर्वीं आपल्या देशांत जमिनीवर कोणाची मालकी नव्हती.

वास्तविक या देशांत काय चालत होतें, तें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. राजवाड्यांच्या साधनांच्या खंडांत आणि त्यांच्यामागून निघालेल्या शेंकडों कागदांत महजर पडले आहेत. पाटिलकीचें वतन विकलें जातें, निमें विकलें जातें, गहाण पडतें, भाऊबंदांत वांटलें जातें. वाद लागला म्हणजे गोत जमतें, बारा बलुते साक्ष देतात, पाटील नांगराची निशाणी करितो, आणि निवाडा होतो. मिरासदार अथवा थळकरी यांचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा. तो विकतां येतो. परागंदा होऊन वर्षांनीं परत आला तरी आपली मिरास मागतो. उपरी तो निराळा, त्याला हा हक्क नाहीं. हा भेद इतका रुजलेला होता कीं एल्फिन्स्टनला पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखावरील आपल्या १८१९ च्या अहवालांत त्याची दखल घेणें भागच पडलें. हा मनुष्य जिंकणाऱ्यांचा अधिकारी, परंतु त्याला येथें राज्य चालवावयाचें होतें, म्हणून त्यानें गांव पाहिलें.

यावर कोणी म्हणेल कीं बर्नियर उत्तरेविषयीं बोलत आहे. दक्षिणेच्या वतनांचा त्याला काय दोष? दोष इतकाच कीं त्यानें हिंदुस्थान हा शब्द वापरला, आणि वाचणाऱ्यांनीं तो मान्य केला. शिवाय उत्तरेविषयीं तरी तें विधान टिकतें काय? इरफान हबीब यांनीं १९६३ त प्रसिद्ध केलेल्या मोगलांच्या शेतीव्यवस्थेवरील ग्रंथांत फार्सी कागदपत्रांवरून दाखविलें कीं जमिनदारीचा हक्क खरेदीविक्रीचा होता. तेव्हां ज्या सुभ्यांतून बर्नियर प्रत्यक्ष गेला तेथेंही त्याची दृष्टि छावणीच्या कनातीबाहेर पोंचली नाहीं. प्रदेश पाहिला म्हणजे गांव पाहिलें असें होत नाहीं. निवड जशी मुलखाची असते तशी थराचीही असते.

आणखी एक विसंगति बर्नियरच्याच ग्रंथांत आहे, आणि तिच्याकडे बोट दाखविल्याशिवाय आम्हांस राहवत नाहीं. बंगाल त्यानें दोनदां पाहिला. त्याविषयीं तो लिहितो कीं सुपीकपणांत जगांत मिसर देश पहिला असें आजवर म्हणत आले, परंतु तो मान बंगालचा आहे. तांदूळ, साखर, रेशीम, कापूस यांची तेथें रेलचेल आहे. आतां बंगाल हाही बादशहाचाच सुभा. तेथेंही जहागीरदार, तेथेंही बदल्या. जर कोल्बेरला सांगितलेला कार्यकारणभाव खरा, तर बंगाल ओस पडावयास पाहिजे होता. कोल्बेरला लिहिलेला सिद्धांत आणि बंगालचें वर्णन एकाच पुस्तकांत शेजारीं बसले आहेत, आणि लेखकाला त्यांची ओळख करून द्यावीशी वाटली नाहीं. बर्नियरनें केवळ बंगालच पाहिला असता तर युरोपांतील तत्त्वज्ञांस आमच्याविषयीं कोणतें मत शिकावयास मिळालें असतें, याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

जातां जातां एक गंमत. दानिशमंदखानाच्या घरीं एका विद्वान पंडिताचा बर्नियरला दीर्घ सहवास लाभला होता. काशीसही त्याची भेट झाली. परशुराम कृष्ण गोडे यांनीं तो पंडित म्हणजे कवींद्राचार्य सरस्वती असें प्रतिपादन केलें आहे. काशी-प्रयागचा यात्राकर शहाजहानकडून माफ करविणारे ते हेच. कवींद्राचार्य मूळचे गोदातीरचे. म्हणजे ज्या मुलखांत वतनें व मिरासी पिढ्यान् पिढ्या चालत आल्या त्या मुलखाचा माणूस बर्नियरच्या शेजारीं बसत होता. त्यांच्यांत चर्चा झाली ती परमाणूंची, सृष्टीच्या उत्पत्तीची आणि वेदांतमताची. जमीन कोणाची, हा प्रश्न बर्नियरनें त्यांना विचारल्याचें दिसत नाहीं.

फ्रायरविषयीं थोडक्यांत. हा इंग्रज वैद्य १६७२ ते १६८१ या काळांत पूर्वेकडे होता व त्याचीं आठ पत्रें १६९८ त छापलीं. इतरांच्या मानानें तो आमच्या मुलखांत खरोखर शिरला. १६७५ त मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून कल्याणमार्गें घाट चढून तो जुन्नरास गेला. शिवनेरी त्यानें पाहिला. कल्याणची पडझड आणि वाटेवरच्या खेड्यांची दैना तो लिहितो, व शिवाजीच्या राज्यांतील रयतेच्या हलाखीचा पुरावा म्हणून तीं वाक्यें फार वापरलीं जातात. परंतु त्याची ही वाट दोन राज्यांच्या झुंजत्या सीमेवरून जाते. पलीकडे मोगल, अलीकडे मराठे, आणि मधल्या खेड्यांवर दोन्हींकडचे घोडे. सीमेवरची राख पाहून घरांतील चुलीचें अनुमान करणें हें तर्कशास्त्र नव्हे. राज्याभिषेकाच्या वेळच्या रायगडाचें वर्णन त्याच्या ग्रंथांत आहे, तें वकिलीवर गेलेल्या ऑक्झिंडेनच्या वृत्तांतावरून; आणि फ्रायरचें नांव घेऊन तें उद्धृत करणारे हा फरक क्वचितच नोंदवितात. मनुची १६६५ त मिर्झा राजा जयसिंगाच्या तोफखान्याबरोबर दक्षिणेंत आला होता. त्यानें जो महाराष्ट्र पाहिला तो वेढा घालणाऱ्याच्या बाजूनें.

सुरतेच्या १६६४ मधील लुटीचेंही तसेंच. कापुशीन पाद्री फादर आंब्रोझ याचें घर शिवाजीनें वांचविलें, ही कथा बर्नियरमुळें सर्वतोमुखी झाली आहे. बर्नियर तेव्हां सुरतेस नव्हता. दिल्लीच्या बाजूस होता. कथा खरी नसेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या दिवसांत सुरतेंत असलेल्या इंग्रज वखारवाल्यांचीं पत्रें आहेत, त्यांच्या धर्मोपदेशकाचें पत्र आहे, आणि तीं पहिल्या पंक्तीला बसावीं हा साधा न्याय आहे. आमच्या चरित्रग्रंथांत मात्र बर्नियर पाटावर आणि वखारवाले पडवींत.

आमच्याच लोकांनीं केलेल्या प्रवासांस हीच कसोटी लावली तर काय दिसतें, हें न सांगितल्यास आम्ही परकीयांवर अन्याय केल्यासारखें होईल. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ त उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा मोठी मिळेल, घरचें कर्ज फिटेल, हा हेतु. महू, उज्जयिनी, धार, ग्वाल्हेर, झांशी, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी, ही त्यांची वाट पाहिली तर ती कां तशी आहे हें लगेच उमगतें: जेथें मराठी संस्थानिक अथवा जेथें तीर्थ, तेथें विष्णुभट. झांशीच्या वेढ्याचें त्यांचें कथन आंतून पाहिलेलें आहे व त्याला जोड नाहीं. पण बंडाच्या काळांतील हिंदी शेतकरी त्यांच्या पोथींत शोधूं गेलों तर आम्हांस तो वाटेवरच्या लुटारूच्या रूपानें अथवा मुक्कामाच्या गांवच्या यजमानाच्या रूपानेंच भेटतो. तेव्हां बुंदेलखंडांतील उठावाच्या कारणांविषयीं 'माझा प्रवास' प्रमाण मानणारे बर्नियर प्रमाण मानणाऱ्यांहून वेगळें कांहीं करीत नाहींत. त्यांत ही पोथी चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ त छापली ती बदल करून. मूळ पोथीवरून पाठ दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ त प्रसिद्ध केला. ज्यानें अजून जुन्याच छापील प्रतीवरून उतारे घेणें चालविलें आहे, त्याला प्रवाशाची निवड आणि संपादकाची निवड अशी दुहेरी गाळणी लागलेली असते.

निवडीपासून कोणाचीच सुटका नाहीं, मग या सर्व ग्रंथांचा उपयोग तो काय, असें निराश होऊन विचारण्याचें कारण नाहीं. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत आला होता. त्याचीही निवड उघड आहे: बुद्धाचीं स्थानें आणि संघाराम. तरी प्रत्येक देशाविषयीं तो ठराविक गोष्टी नोंदवितो. घेर किती ली, जमीन कशी, लोकांचा स्वभाव कसा, संघाराम किती व भिक्षु किती, आणि देवांचीं मंदिरें किती, म्हणजे ज्यासाठीं तो आला नव्हता तेंही त्याच्या मोजणींत येतें. त्याचा ग्रंथ ६४६ त पुरा झाला. त्याच्या अखेरीस त्याचा लेखनिक खुलासा करतो कीं ज्या देशास स्वतः जाणें झालें तेथें एक क्रियापद वापरलें आहे, आणि ज्याविषयीं केवळ ऐकलें तेथें दुसरें. हा नियम सर्वत्र काटेकोर पाळला गेला आहे असें नाहीं. परंतु पाहिलेलें व ऐकलेलें यांत भेद केला पाहिजे ही जाणीव त्या सातव्या शतकांतील भिक्षूंना होती.

हेंच काम सतराव्या शतकांतील प्रवाशांच्या बाबतींत आतां आम्हांस मागाहून करावें लागणार आहे. मोरलंडनें १९२० व १९२३ त अकबर ते औरंगजेब या काळाचे जे आर्थिक इतिहास लिहिले त्यांची मोठी भिस्त वखारींच्या कागदांवर व या प्रवाशांवर आहे, आणि म्हणून त्यांत गुजराथ, आग्रा व पूर्व किनारा ठसठशीत दिसतात, आणि सह्याद्री धुक्यांत राहतो. कॉन्स्टेबलची १८९१ ची बर्नियरची आवृत्ति, बॉलच्या टॅव्हर्नियरची क्रूकनें १९२५ त सुधारलेली आवृत्ति, क्रूकनेंच संपादिलेला फ्रायर आणि सेनांचा थेव्हेनो, एवढीं पुस्तकें समोर ठेवून दक्षिणेविषयींचें प्रत्येक विधान वेगळें काढावें, आणि समासांत पाहिलें, ऐकलें कीं दुसऱ्याच्या ग्रंथांतून घेतलें हें लिहावें. त्यापुढें मुक्काम व महिना टाकावा. मग त्याच परगण्याचे, त्याच दशकांतले महजर व खरेदीखतें शेजारीं मांडावीं. नवापूर, बागलाण, जुन्नर आणि कल्याण या चार ठिकाणांपासून प्रारंभ करणें सोपें जाईल. कारण तेथें यांपैकीं कोणा ना कोणा प्रवाशाची वाट तरी गेलेली आहे. पुणें व वाई प्रांतांसाठीं समासाची ती बाजू बहुधा कोरीच राहील, आणि तेथें आमच्या दप्तरांवरच काम करावें लागेल.